देवीचं माहेर आणि लेकीचा सातबारा: रत्नागिरीतल्या एका वाटणीचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातलं. 2021 च्या पावसाळ्यानंतर सुरू झालं आणि 2024 च्या शिमग्यापर्यंत चाललं. गाव, देवी आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. माणसांना इथे नात्यानेच ओळखायचं: थोरले काका, त्यांचा मुलगा, आत्या, वहिनी (काकांच्या धाकट्या भावाची विधवा), लेक (वहिनींची एकुलती एक मुलगी) आणि जावई.

कोकणातल्या वाटण्यांमध्ये मालकी, वहिवाट आणि मान असे तीन धागे असतात. भांडणात ते एकमेकांत इतके गुंततात की एक ओढला की तिन्ही आवळतात. हे प्रकरण सुटलं ते हे धागे वेगळे करून, प्रत्येकाचा निकाल त्याच्या त्याच्या जागी लावल्यामुळे. ते कसं झालं आणि कुठे उगाच वेळ गेला, हे पुढे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

आजोबांच्या नावावरची जमीन एकूण 3 हेक्टर 42 आर. भातशेती 62 गुंठे, आंबा-काजूची बाग 78 गुंठे, कातळ 190 गुंठे, घर आणि परडं 12 गुंठे. आजोबा 1987 साली गेले. मागे आजी, दोन मुलगे आणि एक मुलगी. आजी 1995 मध्ये गेल्या. वाटणी कधीच झाली नाही.

सातबाऱ्यावर थोरल्या काकांचं नाव लागलं, पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आत्यांचं नाव 'इतर हक्क' रकान्यात. धाकट्या भावाचं नाव कुठेच नाही. तो मुंबईत गिरणीत होता, 1982 च्या संपानंतर मिळेल ते काम करत राहिला आणि थोरला भाऊ गाव सांभाळतोय म्हणून निश्चिंत होता. कोकणातल्या हजारो उताऱ्यांची हीच स्थिती आहे. ए.कु.मॅ. असलेला माणूस मालक नसतो, सगळ्यांच्या वतीने नाव लावून घेतलेला असतो. पण तीस वर्षं उताऱ्यावर एकट्याचंच नाव दिसलं की घरालाही आणि गावालाही तोच मालक वाटू लागतो.

बाग मात्र दोघा भावांची होती. 1990 नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागलं तेव्हा धाकटा भाऊ दोन उन्हाळे गावी राहिला. कातळाच्या कडेला मीटर लांब, मीटर रुंद, मीटर खोल असे खड्डे पहारीने फोडून काढले, दहा-दहा मीटरवर. हापूसची 41 कलमं लागली, खालच्या अंगाला काजू. त्याची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. पुढे वाटणीची बोलणी सुरू झाली तेव्हा कोणत्या खड्ड्यात माती बाहेरून आणून भरावी लागली होती, हे तिला झाडागणिक सांगता येत होतं. तिचा जमिनीवरचा जीव होता तो इथे. बाजारभाव तिने पहिल्या सहा महिन्यांत एकदाही विचारला नाही.

आता घराच्या कथेबद्दल. या घराचा मूळपुरुष नांगर धरत असताना फाळाला पाषाण लागला, त्यातून रक्त आलं, त्याने पागोटं सोडून जखम बांधली आणि म्हणाला, तू माझी लेक. तीच गावची देवी. देऊळ पुढे वरच्या वाडीत झालं, पण देवीचं माहेर हे घर. म्हणून शिमग्यात पालखी सहाणेवरून (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावरून) उठली की पहिली याच अंगणात येते. अंगणात चौकोनी जांभा दगड आहे, त्यावर पालखी बसते आणि घरची बाई माहेरची ओटी भरते: खण, नारळ, पसाभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. ही ओटी झाल्याशिवाय पालखी दुसऱ्या दारात जात नाही. फाळाला लागलेल्या देवाच्या कथा कोकणात गावोगाव सांगतात, परशुरामाने समुद्र हटवून ही भूमी काढली ही कथा तर सगळ्या किनाऱ्याचीच. या घराच्या कथेचं वेगळेपण हे की तिने घराला ओळख दिली ती देवीच्या बापाची. आडनावाआधी गावात हे घर 'माहेर' म्हणूनच सांगतात.

समस्या

लेकीने 2015 मध्ये विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जावई शेजारच्या तालुक्यातल्या बौद्ध कुटुंबातला, तिच्याच कार्यालयातला. थोरल्या काकांनी वहिनींना निरोप पाठवला की पालखीला येऊ नका, या घरची ओटी आता तुमच्या हातची नको. वहिनी सहा वर्षं गेल्या नाहीत. कोणी कागद केला नाही, कोणी तक्रार केली नाही. ज्या घराचा सगळा मान लेकीला माहेर देण्यावर उभा, त्या घराने आपल्या लेकीला माहेर बंद केलं. गावातल्या बायकांना हे दिसत होतं आणि विहिरीवर त्या ते बोलतही होत्या, पण बैठकीत त्यांना विचारायची पद्धत नव्हती.

2021 मध्ये काकांच्या मुलाने बाग आणि कातळ मिळून 268 गुंठ्यांचा सौदा बाहेरच्या एका खरेदीदाराशी केला. साठेखत नोटरीपुढे झालं, नोंदणी नाही. बयाणा 5 लाख, तोही मुलाने घेतला, ज्याचं नाव उताऱ्यावर नव्हतंच. खरेदीदार शेतकरी दाखला असलेला, त्यामुळे कुळकायद्याच्या कलम 63 ची अडचण नव्हती. पण त्याच्या वकिलाने ए.कु.मॅ. ही अक्षरं पाहिली आणि सगळ्या वारसांचं हक्कसोडपत्र मागितलं. कुटुंबाचा कर्ता कायदेशीर गरज असेल किंवा कुटुंबाचं हित असेल तरच एकत्र जमीन विकू शकतो, आणि इथे तसं कारण दाखवणं अवघड होतं.

मग सहा वर्षांनी वहिनींना फोन आला. दोनशे रुपयांच्या स्टॅम्पवर सही करून द्या. वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोडपत्र जवळच्या नात्यात असेल तर तेव्हा मुद्रांक शुल्क 200 रुपयेच होतं, आणि रक्कम एवढी लहान असल्यामुळे लोकांना सहीही लहानशीच वाटते. वहिनींनी त्याच फोनवर सांगितलं की त्यांना उरलेली वर्षं त्याच घरात, पश्चिमेकडच्या माजघरात काढायची आहेत.

काकांच्या बाजूने तीन दावे केले गेले. पहिला: 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न केलं की मुलगी कुटुंबातून फुटते, तिचा हिस्सा संपतो. दुसरा: भातशेतीतली 9 गुंठ्यांची दळी, म्हणजे भाताचं खाचर, देवीची आहे, तिची वाटणी होत नाही. तिसरा: माहेरचा मान घराच्या रक्तात आहे, तो जातीबाहेर गेलेल्या लेकीकडे कधीच जाऊ शकत नाही, म्हणून घरही जाऊ शकत नाही.

पहिला दावा मालकीचा, दुसरा वहिवाटीचा, तिसरा मानाचा. तिन्ही एका वाक्यात बोलले जात होते.

दाव्यांची तपासणी

पहिला दावा ऐकायला भक्कम वाटतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. विशेष विवाह कायद्याच्या कलम 19 प्रमाणे असं लग्न करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. पण विभक्त होणं म्हणजे हिस्सा गमावणं नव्हे. उलट विभक्त होताना हिस्सा वेगळा होतो. शिवाय 1976 मध्ये आलेलं कलम 21-अ सांगतं की दोन्ही बाजू हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर कलम 19 आणि 21 लागूच होत नाहीत. हे कलम माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलींनी घरच्यांच्या सांगण्यावरून सह्या केल्या आहेत. जात सोडली म्हणून वारसाहक्क जात नाही हे तर 1850 च्या कायद्यापासून ठरलेलं आहे.

हिश्शांचं गणित सोपं निघालं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर, प्रत्यक्ष वाटणी झालेली नसेल तर मुलगीही जन्माने सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असायला हवेत असंही नाही. म्हणजे काका एक तृतीयांश, आत्या एक तृतीयांश, आणि धाकट्या भावाच्या पश्चात वहिनी व लेक मिळून एक तृतीयांश. आत्यांचं नाव 'इतर हक्क' रकान्यात पडून राहिलं म्हणून त्यांचा हिस्सा कमी होत नव्हता. हे कळल्यावर काकांकडचे लोक काही दिवस गप्प झाले. आत्यांना कोणी हिशेबात धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दाव्यासाठी जुनं दप्तर काढावं लागलं. जमीन खरोखरच देवस्थान इनाम असेल तर ती वर्ग 3 ची, तिची विक्री नाही आणि घरच्या घरी वाटणीही नाही. अशा जमिनीची नोंद गाव नमुना 3 मध्ये, दुमाला जमिनींच्या नोंदवहीत सापडायला हवी. तहसीलच्या अभिलेख कक्षातून ती आणि उपलब्ध असलेले सगळे जुने फेरफार नकलेसाठी मागितले. 9 गुंठ्यांची दळी कुठेही इनाम नव्हती. ती खाजगीच जमीन, फक्त तिच्या भातातून पालखीचा खर्च करायची घरातली रीत होती. कागद पाहून लेकीचा वकील खूश झाला. लेक नव्हती झाली. ती म्हणाली, रीत आहे ना, मग ती ठेवायची.

तिसऱ्या दाव्याला दिवाणी न्यायालयात उत्तर मिळत नाही. नुसता मानपान, ज्याला पद किंवा मिळकत जोडलेली नाही, त्यासाठी दावा चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 9 चा अर्थ न्यायालयं तसाच लावत आली आहेत. त्यामुळे मानाचा प्रश्न गावातच सोडवायचा होता.

जावयाची बाजू

या प्रकरणात सर्वांत कमी विचारलं गेलेलं माणूस म्हणजे जावई, आणि त्याचं म्हणणं पुढे फार उपयोगी पडलं. त्याच्या घराचीही जमीन होती आणि गावाशी बांधणारी कथाही होती. त्याचे पूर्वज गावची शीव राखणारे, शिमग्यात त्यांचंही काम ठरलेलं. वतन होतं, आणि वतनाबरोबर येणारी गावकीची सगळी कामंही होती. कनिष्ठ गावकामगार वतनं 1958 च्या कायद्याने संपली, जमीन पुन्हा त्यांच्याच नावे झाली ती भोगवटादार वर्ग 2 म्हणून, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी. 1956 नंतर त्याच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि शिमग्यातलं काम सोडलं. गाव त्याला मान म्हणत होतं, त्यांना तो मान नको होता.

जावयाने पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितलं की तो बावीस प्रतिज्ञा मानतो, पालखीपुढे उभा राहणार नाही आणि राहायची त्याची मागणीही नाही. बायकोने ओटी भरायची की नाही हा तिचा आणि तिच्या आईचा प्रश्न. त्याला फक्त एवढंच हवं होतं की सासूबाई ज्या घरात राहतील तिथे त्याला पडवीत थांबवलं जाऊ नये. काकांची सगळी भीती ही होती की उद्या हा माणूस मान मागेल. त्याला तो नकोच होता, हे कळायला सात महिने लागले, कारण पहिल्या दोन बैठका देवळाच्या सभामंडपात ठेवल्या होत्या आणि तिथे तो आलाच नाही.

कोणते पर्याय होते

सही करून मोकळं व्हावं आणि बदल्यात काही रक्कम घ्यावी, हा पहिला. वहिनींना राहायचं होतं, त्यामुळे तो लगेच मागे पडला.

दुसरा, वाटणीचा दिवाणी दावा आणि विक्रीला मनाई. हिस्सा नक्की मिळाला असता. पण सामायिक घर आणि बाग असलेल्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा, मग जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रत्यक्ष वाटप, मधली अपिलं. वहिनी 68 वर्षांच्या होत्या, त्यांच्या हातात एवढी वर्षं होती का हा साधा प्रश्न होता. दाव्याचा मसुदा मात्र तयार करून ठेवला, प्रलंबित दाव्याची नोटीस नोंदवण्याच्या तयारीसह. महाराष्ट्रात ही नोटीस नोंदवली नाही तर मधल्या काळातला खरेदीदार बांधला जात नाही, आणि नेमकी हीच पायरी लोक विसरतात.

तिसरा पर्याय फौजदारी. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा राज्याचा कायदा आणि जावयाच्या संदर्भात अॅट्रॉसिटीचा कायदा. दोन्ही गंभीर आहेत आणि जिथे गाव एकत्र येऊन माणसाला तोडतं तिथे वापरायलाच हवेत. इथे गावाने ठराव केला नव्हता, एका घराने निरोप पाठवला होता. लेकीने तो रस्ता बंद केला नाही, पुढे गावकीने अडवलं तर वापरीन असं सांगून ठेवला.

चौथा, आणि शेवटी घेतलेला: शेतजमिनीची जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून संमतीने वाटणी, घर-अंगणासाठी वेगळं नोंदणीकृत कौटुंबिक व्यवस्थापत्र, आणि मानाचा विषय गावकर, गुरव आणि घरच्या बायकांसमोर.

प्रत्यक्ष काय केलं

सगळ्यांत आधी विक्री थांबवली. खरेदीदाराला रजिस्टर पोस्टाने कळवलं की मिळकत अविभाजित आहे, अमुक वारसांची संमती नाही. स्थानिक वर्तमानपत्रात तशीच जाहीर नोटीस दिली. या दोन गोष्टींना फार खर्च येत नाही आणि परिणाम मोठा होतो, कारण त्यानंतर खरेदीदाराला 'मला माहीत नव्हतं' असं म्हणता येत नाही.

इथे एक चूक झाली. लेकीच्या पहिल्या वकिलाने काकांना पाठवलेल्या नोटिशीत 'तथाकथित दैवी दंतकथेचा आधार घेऊन' असे शब्द घातले. काकांनी ती नोटीस देवळात वाचून दाखवली आणि जे गावकरी तोवर तटस्थ होते ते दुखावले. तीन महिने कोणी फोन उचलला नाही. मालकीच्या नोटिशीत कथेचं नावही यायची गरज नव्हती.

मग वारस नोंद. तलाठ्याकडे अर्ज, धाकट्या भावाच्या मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. नोटीस निघाली, हरकतीसाठी 15 दिवस, आणि चौदाव्या दिवशी काकांच्या मुलाने हरकत घेतली. नोंद तक्रारी नोंदवहीत गेली. सुनावणीत कलम 21-अ ची प्रत आणि विवाह प्रमाणपत्र जोडलं आणि नोंद मंजूर झाली. हा फेरफार हातात आल्यावर बोलण्याचा सूर बदलला. तोवर लेक मागणारी होती, आता तिचं नाव उताऱ्यावर होतं.

तिसरी पायरी आत्यांची, आणि ती खरं तर पहिली असायला हवी होती. आत्या 78 वर्षांच्या, तालुक्याच्या गावी मुलाकडे. त्यांना भेटताना मध्यस्थांनी एक नियम पाळला: काकांकडचं कोणी नाही, लेकीकडचंही कोणी नाही. त्यांचा हिस्सा किती, त्याची किंमत अंदाजे किती, आणि सही केली तर काय जाईल हे तिन्ही आकड्यांनिशी सांगितलं, पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन विचारलं. त्यांचं उत्तर दोन्ही वेळा तेच होतं: "जमीन कोनाला ऱ्हायली हाय? माजी ओटी कोन भरनार ता लिवा."

आणि त्यांनीच या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट सांगितली. स्वतःच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, आई आजारी असताना माहेरची ओटी आत्यांनी भरली होती. लग्न झालेल्या, दुसऱ्या कुळात गेलेल्या लेकीने. त्या साली कोणाचं काही अडलं नव्हतं.

आत्यांनी आपला हिस्सा दोन्ही भावांच्या शाखांना निम्मा-निम्मा सोडला. त्यामुळे वाटणी सरळ दोन भागांची झाली.

वाटपाचे आकडे कसे ठरले

कातळ 95-95 गुंठे झाला. रस्त्याकडची बाजू काकांना दिली, कारण त्यांना विकायचं होतं. मात्र तिथून तीन मीटर रुंदीचा रस्त्याचा हक्क नकाशात आणि इतर हक्कात लिहून घेतला. तोंडी ठरलेला रस्ता नव्या मालकाच्या तारेच्या कुंपणापाशी संपतो, हे कोकणात वारंवार दिसतं.

बागेत क्षेत्रावर वाटणी केली असती तर अन्याय झाला असता. 41 कलमांपैकी फळ धरणारी 34, आणि त्यातली बहुतेक खालच्या, मातीच्या अंगाला. निम्मं-निम्मं क्षेत्र केलं तर एकाला 24 आणि दुसऱ्याला 10 झाडं येत होती. म्हणून आधी झाडं मोजली, प्रत्येकावर चुन्याने आकडे घातले, 17-17 होतील अशी रेघ आखली आणि मग क्षेत्र काढलं: काकांना 33 गुंठे, लेकीकडे 45. काकांना हे मान्य व्हायला वेळ लागला, कागदावर 45 मोठे दिसतात. काजूच्या दोन हंगामांचं उत्पन्न समोर ठेवल्यावर मान्य झालं.

देवीच्या दळीचा पेच अनपेक्षित होता. 9 गुंठे वेगळे काढून सामायिक ठेवायचे असं ठरलं, मोजणीचा अर्जही गेला, आणि तहसीलमध्ये तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला असलेली बंदी, आड आली. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ठरलं होतं. 9 गुंठ्यांचा नवा हिस्सा पडूच शकत नव्हता. दोन रस्ते होते: दळी कोणा एकाच्या हिश्श्यात घालायची, किंवा ती वाढवायची. काकांनीच सांगितलं की वाढवा. 62 पैकी 20 गुंठे सामायिक, उरलेले 21-21. पूर्वी दळीत दोन-सव्वादोन क्विंटल भात यायचं, आता सामायिक तुकड्यात पाचेक क्विंटल येतं. पालखीचा खर्च भागून घराच्या कौलांनाही पैसे उरतात.

घरासाठी व्यवस्थापत्र केलं. आधी झालेल्या तोंडी व्यवस्थेची नुसती आठवण-नोंद असेल तर नोंदणी लागत नाही, पण ज्या कागदानेच हक्क ठरतात तो नोंदवावा लागतो. पुढे वाद नको म्हणून सरळ नोंदवला. पूर्वेचं अंग काकांचं, पश्चिमेचं माजघर आणि पडवी वहिनींची व पुढे लेकीची, देवघर आणि अंगण सामायिक, देवघराच्या दोन किल्ल्या, दुरुस्ती निम्मी. 'कधीही विकायचं नाही' असं कलम काकांना हवं होतं. तसं सरसकट बंधन मिळकत हस्तांतरण कायद्याच्या कलम 10 पुढे टिकणं कठीण, म्हणून त्याऐवजी विकायचं झालं तर आधी दुसऱ्या शाखेला लेखी विचारायचं आणि 90 दिवस थांबायचं असं लिहिलं.

मानाचा निर्णय

काकांनी कौल लावायचा आग्रह धरला. इथे लेकीने स्पष्ट रेघ ओढली: जमिनीचा कौल मागायचा नाही, ती कागदाने ठरली आहे. ओटीचा मागायचा असेल तर मागा, पण आधी आत्यांनी ओटी भरली होती हे देवळात सर्वांसमोर सांगा.

गुरवाने ते ऐकलं आणि म्हणाला की त्याच्या वडिलांनी त्या सालची पालखी पाहिली होती, आत्या म्हणतात ते खरं. मानकऱ्यांचं बोलणं दोन तास चाललं. मान घराचा आहे आणि पालखी बसते ती दगडावर. ओटी घरची बाई भरेल, ती कोण हे घराने ठरवावं, एवढ्यावर ते थांबले. कौल लावलाच नाही. काही जणांना हे पळवाट काढल्यासारखं वाटलं. उपस्थित मध्यस्थांचं मत वेगळं होतं: गावाने घराचा प्रश्न घराकडे परत दिला, आणि त्यापेक्षा जास्त काही गावाकडून नको होतं.

परिणाम

कलम 85 चा आदेश डिसेंबर 2023 मध्ये झाला. साठेखत रद्द झालं; खरेदीदाराने काकांच्या वाट्याचा कातळ घेतला, बयाणा त्यातच वळता झाला. वहिनी फेब्रुवारीत माजघरात राहायला गेल्या.

2024 च्या शिमग्यात अंगणात ओटी काकूंनी भरली, मग वहिनींनी, मग आत्यांना मुलाने खुर्चीवर बसवून आणलं त्यांनी. लेक वहिनींच्या मागे तांदळाचं सूप धरून उभी होती. तिने ओटी भरली नाही. कोणी अडवलं नव्हतं, तिने स्वतःच या वर्षी नको म्हटलं. काका घरातून बाहेर आले नाहीत. जावई दुपारी आला, माजघरात बसून जेवला. काकूंनी वाढलं.

वेगळं काय करता आलं असतं

धाकटा भाऊ 2011 मध्ये गेला तेव्हाच तीन महिन्यांत वारस नोंद टाकायला हवी होती. तेव्हा लेकीचं लग्न झालं नव्हतं, हरकत घ्यायला कारण नव्हतं, आणि 2021 चा सौदा त्या फेरफारामुळे पहिल्याच पायरीवर थांबला असता.

आत्यांकडे सर्वांत आधी जायला हवं होतं. त्यांच्याकडे हिस्साही होता आणि आठवणही. त्यांच्या भेटीआधी झालेल्या चारही बैठकांमध्ये असा एकही मुद्दा निघाला नाही जो त्यांच्या एका वाक्याने सुटला नसता.

बैठकीची जागा शाळा किंवा ग्रामपंचायत हवी होती. देवळात बसलं की जे देवळात येत नाहीत ते आपोआप बाहेर राहतात, आणि मग त्यांच्या मनात काय आहे याचे अंदाज बांधले जातात.

मोजणीचा अर्ज देण्याआधी तुकडेबंदीची मर्यादा पाहिली असती तर दळीसाठी दुसऱ्यांदा मोजणी करावी लागली नसती. पावसाळ्यात तारीख पडली, शेतात पाणी असल्यामुळे पुढे गेली, आणि या एका गोष्टीत साडेचार महिने गेले.

आत्यांच्या हक्कसोडपत्राबद्दल मात्र मध्यस्थांमध्ये अजून एकमत नाही. त्यांना सगळं समजावून, दोनदा विचारून सही झाली. तरीही एक तृतीयांश जमीन सोडताना त्यांच्या हातात काही आलं नाही. कातळाच्या विक्रीतला ठरावीक भाग त्यांच्या नावे ठेवीत घालावा असं सुचवायला हवं होतं. त्या नको म्हणाल्या असत्या, पण सुचवलं गेलं नाही हे खरं. त्यांच्या ओटीचं कलम व्यवस्थापत्रात आहे: आत्या हयात असेपर्यंत शिमग्याला त्यांना आणण्या-नेण्याचा खर्च दोन्ही शाखांनी निम्मा करायचा. कलम क्रमांक 11, काकांनी स्वतः सांगून घातलेलं.